फुरशाचे विष : प्रथिनसंच-संशोधन

फुरसे या सापाच्या विषातील सर्व प्रथिने द्रव्यमान वर्णपटमापनाने ओळखणे, त्यांचे परस्परप्रमाण ठरविणे आणि त्यांपैकी कोणती प्रथिने प्रतिविषातील प्रतिपिंडांकडून बांधली जातात हे तपासणे, अशा तीन अंगांनी चालणाऱ्या संशोधनाचा येथे विचार केला आहे. एखाद्या पेशीत, ऊतकात किंवा स्रावात एका वेळी असणाऱ्या सर्व प्रथिनांच्या समूहाला 'प्रथिनसंच' म्हणतात. या अर्थाची इंग्रजी संज्ञा मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये सुचविली. सापाचे विष हा एका विशिष्ट ग्रंथीचा स्राव असून त्याच्या शुष्क वजनाचा फार मोठा भाग प्रथिने व पेप्टाइडे यांचा असतो. त्यामुळे विषाचा प्रथिनसंच कळणे म्हणजे बहुतांशी विषच कळणे होय.

रत्नागिरी जिल्हा व फुरसे : फुरशाचे शास्त्रीय नाव एकिस कॅरिनॅटस असे असून १८०१ मध्ये श्नायडर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. घोणस व फुरसे हे एकाच कुलातील साप असले, तरी फुरसे आकाराने पुष्कळच लहान असते. कोकणातील फुरशी सामान्यतः हातभर लांबीचीही नसतात. अंगाचा रंग तपकिरी व मातकट असून डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण असते. कुशीवरील खवल्यांना करवतीसारख्या कडा असतात. डिवचले असता हा साप अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर असा आवाज काढतो व अतिशय चपळाईने दंश करतो. मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते.

जांभ्या दगडाचे सडे, कातळावरील विरळ गवत, दगडांच्या सांदी आणि गडगे ही फुरशाची आवडती ठिकाणे. रत्नागिरी जिल्ह्यात अशा जमिनीचे प्रमाण मोठे असल्याने हा साप तेथे पूर्वापार विपुल आहे. १८६२ च्या डिसेंबर महिन्यात सरकारने फुरसे मारून आणणाऱ्यास बक्षीस देऊ केले, तेव्हा अवघ्या काही दिवसांत या जिल्ह्यातून एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणण्यात आली. बक्षिसे देऊन फुरशांचा नायनाट मात्र झाला नाही. गवत कापणारे, चिरेखाणीवर काम करणारे, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या स्त्रिया आणि रात्री अनवाणी चालणारे लोक यांना आजही या सापापासून धोका संभवतो. दंश बहुधा पावलावर, घोट्यावर किंवा हाताच्या बोटांवर होतो.

विषाची क्रिया : नाग व मण्यार यांचे विष प्रामुख्याने तंत्रिका व स्नायू यांच्या जोडावर आघात करते; फुरशाच्या विषाचे मुख्य लक्ष्य रक्त हे असते. विषातील एकारिन नावाचे प्रथिनविघटक एंझाइम रक्तातील प्रोथ्रॉम्बिनाचा एक बंध तोडून त्यापासून मायझोथ्रॉम्बिन हा क्रियाशील पदार्थ बनविते. त्यामुळे रक्तातील फायब्रिनोजेन या विद्राव्य प्रथिनाचे सर्वत्र सूक्ष्म धाग्यांत रूपांतर होऊ लागते. शरीर ते धागे विरघळवीत राहते आणि काही तासांत फायब्रिनोजेनाचा साठा संपुष्टात येतो. रक्त गोठविणाऱ्या द्रव्यानेच अखेर रक्त न गोठण्याची अवस्था निर्माण होते, असा हा विरोधाभास आहे. त्याच वेळी विषातील इतर धातुयुक्त प्रथिनविघटक एंझाइमे केशवाहिन्यांच्या भित्तींचे आधारपटल कुरतडतात आणि काही प्रथिने रक्तबिंबिकांना एकत्र येऊ देत नाहीत. भिंत फुटलेली आणि ती बुजविण्याचे साहित्य संपलेले, अशा स्थितीत हिरड्या, लघवी, जुन्या जखमा यांतून रक्तस्राव सुरू होतो. तो मेंदूत झाला, तर रुग्ण दगावू शकतो.

ही अवस्था ओळखण्याची एक साधी कसोटी ग्रामीण रुग्णालयातही करता येते. रुग्णाचे २-३ मिलि. रक्त स्वच्छ व कोरड्या काचनलिकेत घेऊन ती २० मिनिटे न हलविता ठेवतात. नंतर नलिका कलती केली असता रक्त पातळच राहिल्याचे दिसले, तर ते गोठण्याची शक्ती नष्ट झाली आहे असे समजून प्रतिविष देतात.

प्रतिविष व त्यापुढील प्रश्न : विषाची मात्रा हळूहळू वाढवीत घोड्याला टोचली असता घोड्याच्या रक्तात त्या विषातील प्रथिनांना बांधणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती शुद्ध करून प्रतिविष बनवितात. भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर मिळून एकच बहुसंयोजी प्रतिविष वापरले जाते. प्रमाणकानुसार अशा प्रतिविषाच्या १ मिलि. ने नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिग्रॅ. आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिग्रॅ. विष निष्प्रभ झाले पाहिजे. म्हणजे १० मिलि. च्या एका कुपीने फुरशाचे ४.५ मिग्रॅ. विष निष्प्रभ व्हावे अशी अपेक्षा असते.

तथापि हे प्रमाणक कोणत्या फुरशाच्या विषाला लागू पडते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. भारतातील प्रतिविष-उत्पादनासाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यत्वे तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून मिळत आले आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने एका जमातीच्या पारंपरिक कौशल्याला सन्मानाचा उद्योग दिला आणि देशाला नियमित विषपुरवठा केला, हे तिचे मोठे कार्य होय. परंतु घोड्याच्या शरीराला जे विष दाखविले, त्याच विषाची प्रतिपिंडे ते शरीर तयार करते. एका प्रदेशातील सापाच्या विषावर बनविलेले प्रतिविष दुसऱ्या प्रदेशातील त्याच जातीच्या सापाच्या विषावर तितकेच चालेल, हे गृहीत धरता येत नाही. याचे उत्तर शोधावयाचे, तर दोन्ही विषांतील प्रथिनांची यादी हाती हवी. ही यादी द्रव्यमान वर्णपटमापनाने मिळते.

द्रव्यमान वर्णपटमापन : विद्युत् भारित कणांना विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून नेले असता, त्यांचे द्रव्यमान व विद्युत् भार यांच्या गुणोत्तरानुसार त्यांचे मार्ग वेगवेगळे होतात, या तत्त्वावर ही पद्धती आधारलेली आहे. जे. जे. टॉमसन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी तिचा पाया घातला. एफ. डब्ल्यू. ॲस्टन यांनी १९१९ मध्ये द्रव्यमान वर्णपटलेखक तयार करून अनेक मूलद्रव्यांचे समस्थानिक शोधून काढले व त्याबद्दल त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनांसाठी मात्र ही पद्धती अनेक दशके निरुपयोगी राहिली. कारण मापनासाठी पदार्थ वायुरूप आयनांच्या स्वरूपात हवा आणि प्रथिनाचा अजस्र व नाजूक रेणू तापविला, तर त्याचे वायूत रूपांतर होण्यापूर्वीच तो मोडून जातो.

ही अडचण १९८० नंतरच्या दशकात दूर झाली. जॉन फेन यांनी प्रथिनाचा विद्राव उच्च विद्युत् दाबाखाली सूक्ष्म थेंबांच्या रूपात फवारला. थेंबांतील द्रव उडून जाताच अखंड रेणूचे आयन मागे राहिले. जपानमध्ये कोइची तनाका यांनी लेसर किरणांच्या साह्याने प्रथिनाचे अखंड आयन मिळविले; जर्मनीत कारास व हिलेनकांप यांनीही त्याच दिशेने अधिक व्यापक उपयोगाची पद्धती विकसित केली. फेन व तनाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

विषाच्या विश्लेषणात पुढीलप्रमाणे पायऱ्या असतात. प्रथम शुष्क विष विरघळवून द्रव वर्णलेखनाने त्यातील घटक वेगळे करतात. मग ट्रिप्सीन या एंझाइमाने प्रत्येक प्रथिनाचे तुकडे करतात. हे एंझाइम प्रथिनाची साखळी कोठेही न तोडता केवळ लायसीन व आर्जिनीन या ॲमिनो अम्लांनंतरच तोडते, त्यामुळे मिळणारे तुकडे त्या प्रथिनाचे वैशिष्ट्य दर्शवितात. उपकरणात या तुकड्यांचे द्रव्यमान मोजले जाते. नंतर त्यांपैकी एकेक तुकडा निवडून त्याची निष्क्रिय वायूच्या रेणूंशी टक्कर घडवितात आणि उपतुकड्यांचे द्रव्यमान पुन्हा मोजतात. क्रमाने येणाऱ्या दोन उपतुकड्यांत ५७ एककांचा फरक असेल, तर मधले ॲमिनो अम्ल ग्लायसीन, ७१ चा असेल तर ॲलॅनीन, ९९ चा असेल तर व्हॅलीन, असा ॲमिनो अम्लांचा क्रम वाचता येतो. ल्यूसीन व आयसोल्यूसीन यांचे द्रव्यमान अगदी सारखे असल्याने ती दोन या रीतीने वेगळी ओळखता येत नाहीत. शेवटी, मिळालेले हजारो वर्णपट संगणकाच्या साह्याने ज्ञात प्रथिनांच्या संग्रहाशी ताडून पाहतात.

सर्पविषांच्या अभ्यासात ही पद्धती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्पेनमधील व्हॅलेंशिया येथील हुआन काल्वेते व त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमबद्ध केली. तिला जोडूनच प्रतिविषाची परीक्षा घेण्याची रीत त्यांनी विकसित केली. प्रतिविषातील प्रतिपिंडे बारीक मण्यांवर पक्की बसवून त्या मण्यांच्या स्तंभातून विष सोडतात. बांधली गेलेली प्रथिने स्तंभात अडकतात व न बांधलेली बाहेर पडतात. ही बाहेर पडलेली प्रथिने कोणती, हे वर्णपटमापक सांगतो. प्रतिविषातील उणिवांची ही एक प्रकारे यादीच होय.

फुरशाच्या विषावरील संशोधन : आसाममधील तेजपूर विद्यापीठात आशिस मुखर्जी यांनी भारतीय सापांच्या विषांवर दीर्घकाळ काम केले; पुढे ते गुवाहाटी येथील विज्ञान व तंत्रविद्या प्रगत अध्ययन संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या गटाने २०१७ मध्ये भारतीय फुरशाच्या विषाचा द्रव्यमान वर्णपटमापनाने केलेला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. एंझाइमांपैकी धातुयुक्त प्रथिनविघटके आणि एंझाइम नसलेल्या प्रथिनांपैकी लेक्टिनसदृश प्रथिने या विषात सर्वांत विपुल आढळली. दंशानंतर फायब्रिनोजेन नाहीसे होणे व रक्तस्राव होणे या लक्षणांशी हे संयोजन जुळते. तंत्रिका-वृद्धी घटक, वाहिनी-अंतःस्तर-वृद्धी घटक, फॉस्फोलायपेज-बी इ. काही प्रथिने या विषात प्रथमच नोंदविली गेली.

या अभ्यासातील एक बाब पद्धतीच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेच वर्णपट घोणस-फुरसे कुलातील सर्व सापांच्या प्रथिनसंग्रहाशी ताडले, तेव्हा १५ कुलांतील ९० प्रथिने ओळखता आली. केवळ एकिस प्रजातीच्या संग्रहाशी ताडले, तेव्हा ४७. आणि एकिस कॅरिनॅटस या एकाच जातीच्या संग्रहाशी ताडले, तेव्हा अवघी २२. विष तेच, उपकरण तेच. बदलला तो फक्त तुलनेचा संग्रह. शब्दकोश लहान असेल, तर वाचलेला मजकूरही अर्धवटच कळावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून 'विषात अमुक प्रथिने आढळली' या विधानाचा अर्थ 'उपलब्ध संग्रहाच्या आधारे एवढी ओळखता आली' असा घ्यावयाचा असतो. फुरशाच्या जीनांची व विषग्रंथीत व्यक्त होणाऱ्या आरएनएची माहिती जसजशी वाढेल, तसतशी ही यादी अधिक विश्वसनीय होईल.

उपचाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष प्रतिविषासंबंधीचा आहे. बाजारातील बहुसंयोजी प्रतिविषे फुरशाच्या विषातील मोठ्या प्रथिनांना चांगली ओळखतात; परंतु २०,००० डाल्टनपेक्षा कमी रेणुभाराच्या लहान प्रथिनांना, उदा., फॉस्फोलायपेज-ए२, ती नीट ओळखत नाहीत, असे दिसून आले. लहान प्रथिने घोड्याच्या प्रतिरक्षा तंत्राला पुरेशी उद्दीपित करीत नाहीत, हे त्याचे एक कारण मानले जाते.

प्रादेशिक भेद : हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेतील सिद्धार्थ भाटिया व कार्तिकेयन वासुदेवन यांनी २०२० मध्ये तमिळनाडू, गोवा व राजस्थान येथील फुरशांच्या विषांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच जातीच्या या सापांच्या विषांत घटकांचे प्रमाण ठिकाणागणिक भिन्न असल्याचे तीवरून दिसते. गोव्याची भूमी, हवा व जांभ्याचे सडे कोकणाशी एकजीव असल्याने रत्नागिरीच्या दृष्टीने या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. तरीही गोव्याचे निष्कर्ष रत्नागिरीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. सापाचे भक्ष्य, वय व परिसर यांनुसार विष बदलू शकते.

अशा भेदांकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचे उदाहरण आफ्रिकेत मिळाले. घाना देशातील एका ग्रामीण भागात तेथील फुरशाच्या, म्हणजे एकिस ऑसेलॅटस या जातीच्या दंशावर पूर्वीच्या प्रतिविषाऐवजी २००४ मध्ये भारतात बनविलेले एक नवे प्रतिविष वापरात आले. दगावणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेले. येथे सापांच्या जातीच भिन्न होत्या. एकाच जातीतील प्रादेशिक भेद इतके तीव्र असतातच असे नाही. परंतु कुपीवरील सापाचे नाव व दंश करणारा साप यांत अंतर पडले, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हे त्यावरून स्पष्ट होते.

लाल विंचवाचे विष : कोकणात फुरशाइतकीच भीती लाल विंचवाची वाटते. त्याच्या विषाने हृदय व रक्ताभिसरण यांवर भयंकर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचते. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या लक्षणांची काटेकोर नोंद केली व १९८२ मध्ये ती लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी प्राझोसीन हे औषध वापरात आणले. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी सु. ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे सु. १ टक्क्यावर आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांवरील चाचणीत प्राझोसीन व विंचवाचे प्रतिविष ही दोन्ही दिलेले रुग्ण केवळ प्राझोसीन दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाल्याचे त्यांना आढळले.

मुखर्जी यांच्या गटाने २०२० मध्ये या विंचवाच्या विषाचा प्रथिनसंच प्रसिद्ध केला. त्यात सोडियम व पोटॅशियम आयनांच्या मार्गांवर परिणाम करणारी लहान विषे बहुसंख्य असून बाजारातील प्रतिविष नेमक्या या लहान विषांनाच पुरेसे बांधत नाही, असे दिसले. वरवर पाहता हे महाडच्या चाचणीशी विसंगत वाटेल. वस्तुतः प्रतिविष निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नसून ते उपयुक्त पण अपुरे आहे, आणि ते कोठे अपुरे पडते हे आता कळू लागले आहे, असा आहे.

मर्यादा : द्रव्यमान वर्णपटमापनाने घटकांची ओळख व प्रमाण कळते, त्यांची मारकता कळत नाही. विषात अत्यल्प असलेले एखादे प्रथिन प्राणघातक असू शकते आणि विपुल असलेले प्रथिन तुलनेने निरुपद्रवी. तसेच प्रतिपिंड प्रथिनाला बांधते एवढ्यावरून ते त्याची क्रिया थांबवितेच असे ठरत नाही. म्हणून विष प्रत्यक्ष निष्प्रभ होते का, याची प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील परीक्षा आणि अखेर रुग्णांवरील काळजीपूर्वक निरीक्षण यांना पर्याय नाही. वर्णपटमापक कोणत्या प्रश्नाकडे पाहावयाचे ते दाखवितो. निर्णय रुग्णशय्येपाशीच होतो.

विषापासून औषध : विषातील घटक ओळखण्याचा उपयोग प्रतिविषापुरता मर्यादित नाही. एकारिनाचा उपयोग रक्तक्लथनाच्या एका प्रयोगशालेय चाचणीत केला जातो. फुरशाच्या विषातील एकिस्टॅटिन हे अवघ्या ४९ ॲमिनो अम्लांचे प्रथिन रक्तबिंबिकांना एकत्र येऊ देत नाही. त्याच्या क्रियाशील भागाच्या रचनेवरून टायरोफिबान हे औषध बनविण्यात आले. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध हृद्‌रोहिणीत गुठळी होण्याचा धोका असलेल्या रुग्णांना देतात.

सार्वजनिक आरोग्याशी संबंध : भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सु. १२ लक्ष, म्हणजे वर्षाला सरासरी सु. ५८,००० लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पविषबाधेचा उपेक्षित उष्ण कटिबंधीय रोगांच्या यादीत समावेश केला. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून भारत सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली.

या उद्दिष्टासाठी लागणारी शास्त्रीय साधने महाराष्ट्रात आहेत. मुंबईची हाफकिन संस्था १८९९ मध्ये प्लेगविषयक प्रयोगशाळा म्हणून स्थापन झाली व पुढे तेथे प्रतिविषाचे काम वाढले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था येथे प्रथिनसंच-संशोधन करणारे गट आहेत. ज्या जिल्ह्यात एकेकाळी लाखभर फुरशी मारून त्यांच्यावर मात करण्याचा प्रयत्न झाला, त्या रत्नागिरीतील फुरशाच्या विषाचे वेगवेगळ्या ऋतूंतील व वेगवेगळ्या वयाच्या सापांचे नमुने घेऊन त्यांची प्रथिने, प्रतिविषाशी त्यांचे बंधन आणि स्थानिक रुग्णांची लक्षणे यांचा एकत्रित अभ्यास करणे, ही या संशोधनाची स्वाभाविक पुढली पायरी होय. तोपर्यंत प्रचलित बहुसंयोजी प्रतिविष हाच फुरशाच्या विषावरील एकमेव विशिष्ट उपाय आहे. त्याच्या उणिवा ज्ञात झाल्या म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. दंश झालेल्या व्यक्तीला धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, चिरा देणे, विष चोखणे किंवा आवळून बांधणे यांत वेळ न दवडता शक्य तितक्या लवकर रुग्णालयात पोहोचविणे हे सर्वांत हिताचे असते.